दिवा मालवून किती वीज वाचते?

खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, ही शिकवण मराठी घरांत निदान तीन पिढ्या चालत आलेली आहे. ती पहिल्यांदा दिली गेली तेव्हा बरोबरच होती. शंभर वॅटचा पिवळा बल्ब दहा तासांत एक युनिट खायचा, आणि घरात विजेवर चालणारे दुसरे फारसे काही नसायचे. एखादा पंखा, रेडिओ, फार तर इस्त्री. आज त्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आहे. तो चार दिवस आणि चार रात्री सलग जळत राहिला तरी युनिट पुरते भरत नाही. तेवढी वीज दोन किलोवॅटचा गिझर पाणी तापवताना अर्ध्या तासात संपवतो. तरीही बोलणी बसतात ती दिवा विसरणाऱ्याला. शॉवरखाली निवांत उभ्या राहणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही.

वीज आणि गॅस वाचवण्याच्या सल्ल्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन येतो, शाळांत चित्रकला स्पर्धा होतात, बिलाच्या मागच्या बाजूला सूचना छापल्या जातात. अडचण अशी की या सूचना एका ओळीत, एकाच मापाने येतात. मोबाइलचा चार्जर काढून ठेवा, दिवे बंद करा, फ्रिज भिंतीपासून दूर ठेवा, एसी चोविसावर लावा. यातल्या पहिल्या आणि शेवटच्या सूचनेच्या परिणामात काहीशे पटींचा फरक आहे, पण वाचणाऱ्याला तो कळत नाही. म्हणून माणसे सोपे ते करतात, बिल जसेच्या तसे येते, आणि ‘काही उपयोग होत नाही’ असे म्हणून विषय संपतो. कोणत्या सल्ल्याचे वजन किती, हे एकदा मांडून पाहायला हवे. ते मांडले की घरातल्या बचतीचा मोठा हिस्सा सवयींमध्ये नसून खरेदीत आणि घराच्या बांधणीत आहे, असे दिसते. सवयींवर एवढा भर दिला जातो, कारण त्या शिकवायला काही खर्च येत नाही.

हिशोब अवघड नाही. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. म्हणजे वॅट आणि तास, दोन्ही लागतात. साडेसातशे वॅटचा मिक्सर आवाजाने घर डोक्यावर घेतो, पण दिवसातून पाच मिनिटे चालतो. महिन्याचे दोन युनिटही होत नाहीत. टीव्हीशेजारचा सेट-टॉप बॉक्स गप्प बसलेला असतो, आणि रिमोटने ‘बंद’ केल्यावरही दहा वॅटच्या आसपास घेत राहतो. महिन्याचे सात युनिट झाले. वायफायच्या डब्याचेही जवळपास तेवढेच. उलट, ज्याच्या नावाने सगळे ओरडतात तो मोबाइलचा रिकामा चार्जर अर्धा वॅटसुद्धा घेत नाही. तो काढून ठेवण्याने काही बिघडत नाही, एवढेच त्याच्याबद्दल म्हणता येईल.

ज्याला स्वतःच्या घराचा हिशोब स्वतः पाहायचा आहे त्याच्यासाठी जिन्याखालच्या मीटरमध्ये सोय आहे. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवर छापलेले असते. बऱ्याच मीटरांवर हा आकडा ३२०० आहे. घरातले सगळे बंद करून एकच जुना पंखा पूर्ण वेगाने लावला तर हा दिवा मिनिटाला चारदा लुकलुकतो. गिझर लावला की मिनिटाला शंभराच्या वर जातो, मोजणे सोडून द्यावे लागते. सगळी बटणे बंद असताना दोन मिनिटांनी एकदा लुकलुकला तर समजावे की दहा वॅटचे काहीतरी अजून जागे आहे. घरात सातवी-आठवीतले मूल असेल तर त्याला घड्याळ देऊन मीटरसमोर उभे करावे. भौतिकशास्त्राचा असा प्रयोग शाळेत होत नाही.

मीटरसमोर पहिला गुन्हेगार सापडतो तो डोक्यावरचा पंखा. त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण तो ‘कमी वीज घेतो’ अशी ख्याती आहे. साधा छताचा पंखा सत्तर ते ऐंशी वॅट घेतो. तीन पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याचे ऐंशी युनिट होतात, आणि महाराष्ट्रात पंखा वर्षातले नऊ महिने तरी फिरतो. ज्या घरात एसी नाही, तिथे बिलाचा मोठा तुकडा पंख्यांचाच असतो. या पंख्याची मोटर मुळातच उधळी आहे. घेतलेल्या विजेतली निम्म्याहून अधिक ती उष्णतेत घालवते. तासभर चाललेला पंखा बंद करून वाटीला हात लावला की ती गरम लागते ती यामुळे.

बीएलडीसी या नावाने आता जे पंखे मिळतात त्यांच्या मोटरीत कायमचे चुंबक असते आणि वेग इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवते. फिरणाऱ्या भागात चुंबकत्व निर्माण करायला वेगळी वीज लागत नाही. वारा तेवढाच, वॅट मात्र अठ्ठावीस ते पस्तीस. आपल्याकडे हे पंखे घरोघर नेणाऱ्यांत आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी काढलेली ॲटमबर्ग ही कंपनी पुढे होती. आता सगळेच मोठे कारखाने ते बनवतात. पंख्यांच्या कार्यक्षमतेचा प्रश्न पुण्याचा ‘प्रयास’ ऊर्जा गट कितीतरी वर्षे लावून धरत होता. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले. बीएलडीसी पंखा साध्यापेक्षा हजार-दीड हजाराने महाग पडतो. वर सांगितलेल्या वापरात एक पंखा वर्षाकाठी दीडशे युनिटांच्या आसपास वाचवतो, म्हणजे वरचे पैसे पहिल्या वर्षात, फार तर दुसऱ्यात वसूल. एवढ्या लवकर पैसे परत करणारी वस्तू घरात दुसरी सापडणे कठीण. बसवताना एक काळजी घ्यायची: हा पंखा जुन्या रेग्युलेटरमागे जोडायचा नसतो. इलेक्ट्रिशियनला रेग्युलेटर वगळून थेट जोडणी द्यायला सांगावे, नाहीतर आतले मंडल जळते आणि दोष पंख्यावर येतो. आणि जिथे अजून मोठ्या पेटीचे जुने रेग्युलेटर आहेत तिथे पंखा ‘दोनावर’ ठेवून वीज वाचते हा समज सोडून द्यावा. त्या पेटीत वाचलेल्या विजेचा बराचसा भाग नुसता तापून जातो. छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतील तर मात्र वेग कमी केल्यावर खरोखर बचत होते.

दिव्यांचे काम जवळजवळ संपले आहे. ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनी ईईएसएलने एलईडी बल्बची एवढी मोठी खरेदी केली की २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन वर्षांत ३८ रुपयांवर आला, आणि योजनेतून छत्तीस कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. भाषणे देऊन जे झाले नसते ते किंमत खाली आणून झाले. अजून जुनी चोकवाली ट्यूबलाइट असेल तर ती चोकसकट पन्नास-पंचावन्न वॅट घेते, एलईडीची वीस. स्वयंपाकघरासारख्या जास्त वापराच्या जागी ती बदलावी. आणि देवघरात किंवा पॅसेजमध्ये रात्रंदिवस मिणमिणणारा जुना तांबडा झिरोचा बल्ब पाहावा. तो बारा ते पंधरा वॅट घेतो. महिन्याचे नऊ-दहा युनिट. त्याच जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर देवाची काही तक्रार असणार नाही.

खरी वीज जाते ती पाण्यात. पाण्याला तापायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी घरातल्या फारच थोड्या कामांना लागते. वीस लिटरची एक बादली बावीस अंशांवरून बेचाळीसवर न्यायची तर जवळपास अर्धे युनिट लागते. हा निसर्गाचा दर आहे. महागातला गिझर घेऊन तो कमी होत नाही. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. शॉवर असेल तर मिनिटाला सात-आठ लिटर पाणी जाते, म्हणजे आठ मिनिटांच्या अंघोळीत तीन बादल्या. बादली-तांब्याची जुनी पद्धत ऊर्जेच्या हिशोबात आजही पहिल्या क्रमांकावर आहे, आणि ज्याला शॉवर सोडवत नाही त्याने निदान डोक्याला शाम्पू लावताना तो बंद करावा.

गिझर ‘विसरला’ म्हणून होणाऱ्या भांडणाबद्दल थोडे. टाकीचा गिझर पाणी ठरलेल्या तापमानाला गेले की आपोआप बंद होतो, आणि पाणी निवले की पुन्हा लागतो. चांगल्या आवरणाची नवी टाकी दिवसभर चालू राहिली तर अर्ध्या युनिटाच्या आसपास जाते. जुन्या, आवरण खचलेल्या टाकीत त्याहून बरेच जास्त. गिझरवरचे तारे मोजतात ते हेच निवणे, तापवण्याची कार्यक्षमता नव्हे. म्हणजे विसरणे हा गुन्हा खरा, पण भांडणाच्या आवाजाएवढा मोठा नाही. त्याहून उपयोगाचे म्हणजे थर्मोस्टॅट. बहुतेक गिझर साठ-पासष्ट अंशांवर लावलेले असतात, आपण त्यात गार पाणी मिसळून अंघोळ करतो. पन्नास-पंचावन्नावर आणले की टाकी कमी निवते आणि आत क्षारही कमी बसतात. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांनी दोन-तीन वर्षांनी टाकी उघडून कॉइल पाहावी. तिच्यावर चुनखडीचा थर साचलेला असतो. पाणी तापायला वेळ लागतो आणि कॉइल लवकर जळते.

पाणी तापवायला गॅस स्वस्त पडतो, त्यामुळे पुणे-नाशिककडे गॅस गिझर सर्रास दिसतात. हिशोब त्यांच्या बाजूने आहे, धोका मात्र जिवाचा आहे. बंद न्हाणीघरात गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि अंघोळीला गेलेला माणूस तिथेच बेशुद्ध पडतो. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. गॅस गिझर बसवायचा तर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या गॅलरीत. तशी जागा नसेल तर तो विचार सोडून द्यावा.

या सगळ्यावरचा उतारा महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे: गच्चीवरचा सौर बंब. शंभर लिटरचे संयंत्र वर्षाला दीड हजार युनिटांपर्यंत वीज वाचवू शकते असा सरकारी हिशोब सांगतो. प्रत्यक्षात पावसाळ्याचे ढग आणि न वापरलेले पाणी धरून तो कमी भरतो, तरी घरातले दुसरे कोणतेही एक उपकरण एवढे वाचवत नाही. सौर पाणी, गांडूळखत किंवा पर्जन्यजल संधारण यांतले काही केले तर पुणे महापालिका मिळकतकरात सवलत देते, आणि शहरातल्या गच्च्या पाहिल्या की तिचा परिणाम दिसतो. पण ही संयंत्रे आणि त्यांचे नळ यांचा मेळ बिल्डर क्वचितच बसवतो. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून तिसऱ्या मजल्यावर गरम पाणी यायला नळ सोडून ठेवावा लागतो. दोन बादल्या गार पाणी वाहून जाते, तिसरी कोमट येते आणि घाईतला माणूस वैतागून इलेक्ट्रिक गिझर लावतो. नळांना उष्णतारोधक वेष्टण आणि गरम पाणी फिरत ठेवणारा छोटा पंप, एवढ्याने हे सुटते. नव्या इमारतीत घर घेताना नमुना फ्लॅटच्या फरशीपेक्षा हे विचारणे जास्त फायद्याचे आहे. तोवर, ते गार पाणी बादलीत धरून झाडांना घालावे.

थंडाव्याचा प्रश्न पाण्याइतका एकसारखा नाही. तो जिल्ह्याजिल्ह्यांत बदलतो. विदर्भातला उन्हाळा कोरडा, त्यामुळे तिथे कुलर राजा. पंख्याची मोटर आणि पाण्याचा छोटा पंप मिळून दीड-दोनशे वॅटमध्ये तो खोली गार करतो, जिथे दीड टनाचा एसी हजार-दीड हजार वॅट मागतो. वाळ्याच्या किंवा गवताच्या जाळ्या दरवर्षी बदलल्या आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली तरच तो नीट काम करतो. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसता दमटपणा कोंडतो. कुलरच्या लोखंडी पेटीला अर्थिंग आहे का, हे मार्चमध्येच पाहून घ्यावे. विजेचा धक्का बसून माणसे दगावल्याच्या घटना विदर्भात उन्हाळ्यात घडतातच. हाच कुलर मुंबईत किंवा रत्नागिरीत लावला तर निरुपयोगी, कारण तिथल्या हवेत आधीच पाणी ठासून भरलेले असते.

एसीबाबत ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा ढोबळ नियम असा की तापमान एका अंशाने वाढवले की सहा टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून विकले जाणारे तारांकित एसी सुरू होताना चोविसावरच सुरू होतात, तेही याच ब्यूरोच्या नियमाने. सव्वीस-सत्तावीसवर एसी आणि वर मंद पंखा, ही जोडी अठरावरच्या एसीपेक्षा खूपच स्वस्त आणि झोपेलाही बरी. पहाटे गोधडी शोधावी लागत नाही. लवकर गार व्हावे म्हणून अठरावर लावणे व्यर्थ आहे. साधा एसी तेवढ्याच वेगाने गार करतो, फक्त थांबत नाही. इन्व्हर्टर एसीलाही त्याने पुढे जास्त राबावे लागते.

तारे वाचताना लेबलवरचा वर्षाचा युनिटांचा आकडा आणि कोणत्या सालाचे लेबल आहे ते पाहावे. निकष वेळोवेळी कडक होतात, एसीचे ते जुलै २०२२ मध्ये झाले होते. म्हणजे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्यावरचे पाच सारखे नाहीत. एसीच्या लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. दीड टनाच्या तीन आणि पाच तारी एसीत या हिशोबाने साधारण दोनशे युनिटांचा फरक पडतो. पण जे घर एप्रिल-मेमध्ये फक्त रात्री आठ तास एसी लावते, त्याचे तास पाचशेच्या आतच राहतात आणि फरक साठ युनिटांवर येतो. अशा घराने पाच ताऱ्यांसाठी दहा हजार जास्त मोजण्यापेक्षा तीन तारी एसी घ्यावा आणि उरलेल्या पैशांत घरातले सगळे पंखे बदलावेत, असे मी सांगेन. दुकानदार तसे सांगणार नाही.

फ्रिजचे उलटे आहे. तो वर्षभर, चोवीस तास चालतो, म्हणून तिथे प्रत्येक तारा कामाला येतो. दाराच्या रबरात कागद धरून ओढावा. सहज निसटला तर रबर बदलायला झाले. नवा फ्रिज आल्यावर जुना वीस वर्षांचा गॅलरीत ‘पाण्याच्या बाटल्यांसाठी’ चालू ठेवण्याची आपल्याकडे मोठी हौस. त्यापेक्षा माठ बरा.

पण खोली एवढी तापते कशाने, हे विचारल्याशिवाय थंडाव्याचा विषय पुरा होत नाही. वाड्यांच्या भिंती हात-दीड हात जाड, मध्ये चौक. मराठवाड्यात पांढऱ्या मातीची माळवदे. कोकणात कौले आणि त्यांखाली हवेशीर माळा. या घरांच्या अडचणी पुष्कळ होत्या, आणि त्यांचे गोडवे गाणाऱ्यांतले बहुतेक जण त्यांत राहत नाहीत. तरी दुपारची उष्णता आत यायला तिथे वेळ लागे. चार-सहा इंची भिंत आणि उघडा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहानंतर ते खोलीत सोडतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मे महिन्यात पंखा गरम वारा मारतो असे वाटते ते यामुळे. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. चुन्यात पांढरे सिमेंट आणि थोडे फेविकॉल कालवून फेब्रुवारीअखेर मारले की खालची खोली काही अंशांनी उतरते. पावसाळ्यात थर धुपतो, पुढच्या वर्षी पुन्हा मारायचा. पत्र्याच्या घरात याचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून चटई, बांबूची चीक किंवा हिरवी जाळी लावावी. काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही.

हे सगळे नंतरचे उपाय. मुळात इमारत कशी बांधली जाते त्यावर केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको-निवास संहिता’ आणली. भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घातली आहे. घर विकत घेणाऱ्या किती जणांनी तिचे नाव ऐकले असेल? बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत जिम, बाग आणि पोहण्याचा तलाव असतो. पश्चिमेच्या भिंतीची जाडी नसते.

स्वयंपाकघर हा या विषयातला सर्वांत जास्त उपदेश सोसलेला कोपरा. पेट्रोलियम बचतीची जाहिरात असो की मासिकातले पान, ते ‘गृहिणींनो’ असेच सुरू होते, जणू बाकीचे घर ऊर्जा वापरतच नाही. आणि ज्यांना हा उपदेश होतो त्यांना तो आधीच माहीत असतो. कुकरमध्ये एकावर एक डबे ठेवून वरण, भात आणि बटाटे एकाच वेळी शिजवणे, तूरडाळ अर्धा तास आधी आणि राजमा-छोले रात्री भिजत घालणे, पहिली शिट्टी झाली की आच मंद करणे. यातल्या शेवटच्या सवयीमागचे कारण साधे आहे. पाणी उकळू लागल्यावर, किंवा कुकरमध्ये दाब भरल्यावर, आच वाढवून तापमान वाढत नाही. जास्तीचा गॅस नुसती वाफ बाहेर घालवतो. बर्नरची ज्योत पिवळी दिसू लागली की छिद्रे तुंबलेली असतात, जुन्या टूथब्रशने ती साफ करता येतात.

इंडक्शन शेगडी स्वस्त की गॅस, हा हल्ली सगळीकडे विचारला जाणारा प्रश्न. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी ऊर्जा असते त्यातली पस्तीस टक्क्यांच्या आसपास भांड्याच्या बाजूने निसटते. इंडक्शनमध्ये पंधरा टक्के. दोन्ही धरून हिशोब केला तर एका सिलिंडरचे काम इंडक्शनवर साधारण १४० युनिटांत होते. सिलिंडरच्या किमतीला १४० ने भागावे. येणारा आकडा तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याच्या दरापेक्षा जास्त असेल तर इंडक्शन परवडेल, कमी असेल तर गॅस. ज्यांचा वापर शंभर युनिटांच्या आत राहतो त्यांचे उत्तर आणि एसीवाल्यांचे उत्तर वेगळे येते, म्हणून शेजारणीचा अनुभव इथे उपयोगी नाही.

गॅस आणि वीज यांच्यापलीकडेही या राज्यात बरेच काम झाले आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा बनवण्याची रीत बसवली आणि तिला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तिच्या सराई कुकरमध्ये अशा मूठभर कोळशावर चार-पाच जणांचा वरण-भात शिजतो: पेटवून डबे ठेवायचे, झाकण लावायचे आणि दुसऱ्या कामाला लागायचे. गोबरगॅस संयंत्रांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला. तरी खेड्यांत आजही अंघोळीच्या पाण्याची चूल वेगळी पेटते, आणि सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरता असतो. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली बहुतेक उष्णता वाया जाते, धूर बाईच्या छातीत जातो. तिथे ऊर्जाबचत म्हणजे बिल नव्हे, सरपणाची एक खेप कमी होणे.

बिलाकडे परत येऊ, कारण बचतीची किंमत तिथेच ठरते. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या शंभर युनिटांपेक्षा पुढच्या दोनशेंचा दर दुपटीच्या जवळपास, आणि तीनशेच्या वर तो आणखी चढतो. त्यावर सोळा टक्के वीज शुल्क. त्यामुळे साडेतीनशे युनिट वापरणाऱ्याने पन्नास वाचवले तर ते सर्वांत महागड्या टप्प्यातले पन्नास असतात. बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून सरासरी काढणाऱ्यांना आपली बचत नेहमी कमी वाटते ती यामुळे. आता स्मार्ट मीटर असलेल्या घरांना दिवसाच्या वेळेनुसार दर लागू होत आहेत आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या विजेला सवलत मिळते, कारण तेव्हा राज्यात सौर वीज मुबलक असते. कपडे धुण्याचे यंत्र, इस्त्री, पाण्याचा पंप ही कामे दुपारी केली तर फायदा आहे. अर्थात दुपारी घरी कोणी असेल तर.

गच्चीवर सौर पॅनल लावून सगळाच प्रश्न सोडवावा असे आता अनेकांना वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे तीस हजार, आणि तीन किलोवॅट किंवा जास्तीला एकूण ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. स्वतःची गच्ची असलेल्याने हे जरूर करावे, मात्र आधी पंखे आणि गरम पाणी मार्गी लावून. मग तीन किलोवॅटच्या जागी दोन पुरतात. पॅनल आल्यावर ‘आता वीज फुकट’ म्हणून दोन एसी घेतलेली घरे तालुक्याच्या गावीही दिसतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट निराळी. गच्ची सोसायटीची, आणि वार्षिक सभेत तिच्यावर पाण्याच्या टाक्या आणि गळती यांपलीकडे चर्चा जात नाही. योजनेत सोसायट्यांसाठी किलोवॅटमागे अठरा हजारांची वेगळी तरतूद आहे. सामाईक वापर, म्हणजे लिफ्ट, पंप आणि जिन्याचे दिवे, त्यावर चालू शकतात. तेवढ्यावर एकमत होत नसेल तर निदान जिन्यात सेन्सरचे दिवे आणि वरच्या टाकीला पाणी भरल्यावर पंप बंद करणारा फ्लोट स्विच बसवावा. पहाटे गच्चीवरून पडणारा पाण्याचा धबधबा ही वीज आणि पाणी दोन्ही एकदम घालवण्याची आपली लाडकी पद्धत आहे.

आणि भाडेकरू? शहरांतली कितीतरी घरे भाड्याची आहेत. सौर बंब मालक लावत नाही, कारण बिल भाडेकरू भरतो. भाडेकरू लावत नाही, कारण अकरा महिन्यांनी तो कुठे असेल ते त्याला माहीत नसते. गच्चीला चुना मारायचा तरी परवानगी लागते. त्याच्या हातात राहतो तो पंखा. बीएलडीसी पंखा घर सोडताना उतरवून नेता येतो. मालकाचा जुना पंखा मात्र माळ्यावर पात्यांसकट जपून ठेवावा, कारण अनामत परत देताना तो नक्की मोजला जातो.